खाऱ्यात खारं

मी भाजीवाल्याची लेक. अमरावतीला आमचा मळा होता आणि बाजारात बसायची ठरलेली जागा होती. पाटीत वर दिसतात ती वांगी दाखवायची असतात आणि खालची विकायची असतात, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधी कळलं. वडील दुसऱ्याची पाटी घेताना वरचं वांगं उचलून बाजूला ठेवत आणि तळातलं काढून हातात फिरवून पाहत. ती सवय मला लागली ती लागलीच. कोणी गोड बोललं की मी मनातल्या मनात पाटी उलटते. लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा सासरी पहिल्या आठवड्यातच ठरून गेलं, की सून कामाला वाघ आहे पण नजर जमादाराची आहे.

सासरी माणसं तीनच. हे, सासूबाई आणि मी. हे डेप्टी कमिशनरच्या कचेरीत कारकून होते, पण हंगामी. म्हणजे काम घरच्या माणसाचं आणि भरवसा पाहुण्याचा. त्या उन्हाळ्यात त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार होतं. शिफारस करायची ती बडे बाबूंनी, म्हणजे कचेरीतल्या मुख्य कारकुनांनी. मग नाव अमरावतीला कमिशनरकडं जाणार आणि तिथून हुकूम येणार. कायम झाले तर म्हातारपणापर्यंत घोर नाही. नाही झाले तर अकोटला सासूबाईंच्या भावाच्या ओळखीनं एखाद्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या ढिगांशेजारी उभं राहायचं. ह्यांना दमा होता. कापसाचा तूस नाकात गेला की माणूस उशीला टेकून बसायचा आणि घरभर त्याच्या छातीचा आवाज ऐकू यायचा. त्यामुळं ती कचेरीतली खुर्ची जाते की राहते, याची मला खरीखुरी धास्ती होती.

संक्रांतीच्या सुमाराला हे मुंबईला जाऊन आले. बडनेऱ्याला ह्यांचा मावसभाऊ रेल्वेत गार्ड होता, त्यानं नेलं. येताना माझ्यासाठी पातळ आणलं. न मागता आलेल्या पातळाचा मला संशय येतो. मी ते उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिलं, पदर पाहिला, वीण पाहिली. पातळ चांगलं होतं. मग माणसात काय बिघडलंय ते पाहायला लागले. हे जेवताना मधेच हसायचे. संध्याकाळी कचेरीतून सरळ घरी न येता सुताराकडं जायचे, तिथून तसबिरी मढवणाऱ्याकडं. कशाला जाता विचारलं तर म्हणायचे, "पाहिजो तू." आता सुतार आणि तसबिरीवाला मिळून मुंबईच्या बाईचं काय करून देणार, हा विचारसुद्धा मी केला नाही. बाई असणारच हे मी धरूनच चालले होते.

मग एक दिवस हमालाच्या डोक्यावर सागाची चौकट घरी आली, तिला चारी बाजूंनी काचा. देव्हारा म्हणावा तर पाया नाही, कपाट म्हणावं तर दार नाही. ह्यांनी ती ओसरीत तिवईवर ठेवली आणि सांधे राळ-मेण वितळवून बुजवले. तेव्हा कुठं सांगितलं. मुंबईत एका पारशी डॉक्टरच्या दवाखान्यात त्यांनी काचेच्या पेटीत समुद्र पाहिला होता. पाणी समुद्राचं, मासे समुद्राचे, खाली वाळूसुद्धा समुद्राची. रोगी आपला रोग विसरून बघत बसतात म्हणे. "तितका वेळ मी खोकलो नाही," हे म्हणाले, आणि ते असं म्हणाले की माझं बाईचं प्रकरण तिथंच संपलं. पण एक संशय गेला तर त्याची जागा रिकामी राहते. ती भरायला वेळ लागला नाही.

सासूबाईंचा संशय वेगळा होता. त्या माळकरी. त्यांनी एवढंच विचारलं, "मासे पाहाले आनून राहिला का खाले? खाले असन तं मी चाल्ली अकोटले."

"पाहाले, माय," हे म्हणाले.

"मंग ठीक हाये. पन डोये मिटून खाजो नोको."

पाणी यायची तजवीज मावसभावानं केली. औषधवाल्यांकडं असतात तसले काचेचे मोठे बुधले, भोवती गवताचं वेटोळं. मुंबईहून एका गार्डाच्या हाती भुसावळ, तिथून मावसभावाच्या हाती अकोला. पहिली खेप उतरवायला हे मला बरोबर घेऊन गेले. बाईमाणूस बरोबर असलं की सामानाला कोणी हात लावत नाही, असं त्यांचं मत होतं. स्टेशनावरच्या शिपायानं पहिल्याच बुधल्याला हात लावला. बूच काढलं, वास घेतला, बोट बुडवून चाटलं आणि रुळांवर थुंकला.

"दारू नाही हे," तो नाराज होऊन म्हणाला.

"समुद्राचं पाणी आहे," हे म्हणाले.

शिपायानं आधी ह्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अकोल्यात खारं पानी कमी हाये काय, का मुंबईहून आनून राहिले?"

त्याचं चुकलं नव्हतं. परक्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगते. अकोट, दर्यापूर, अकोला या पट्ट्यात पूर्णेच्या दोन्ही अंगांना विहिरी खाऱ्या आहेत. आमच्या परसातलीही खारीच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. आम्ही त्यावर धुणीभांडी करायचो आणि प्यायचं गोडं पाणी दुरून डोक्यावर आणायचो. गोड्याचा माठ वेगळा, त्यातून पाणी काढायचं गडगं वेगळं. गोड्यातलं गडगं चुकून खाऱ्यात बुडालं तर चालायचं, पण गोडं पाणी खाऱ्यात सांडलं तर सासूबाई दिवसभर बोलायच्या नाहीत. अमरावतीच्या आमच्या मळ्यातली विहीर गोड, म्हणून नवी आले तेव्हा मला हे थोतांड वाटलं होतं. दोन उन्हाळे पाणी वाहिल्यावर माझीही खात्री पटली.

शिपायानं बुधले सोडले, पण पाहत राहिला. त्याचं पाहणं मला आवडलं नाही. कारण तो उन्हाळा साधा नव्हता. गावोगाव मिठाचा कायदा मोडायचं वारं सुटलं होतं. समुद्र लांब, म्हणून आमच्याकडच्या लोकांनी खाऱ्या विहिरींचं पाणी कढईत आटवून मीठ करायला घेतलं होतं आणि त्यापायी माणसं तुरुंगात गेली होती. कचेरीत कोण कोणती टोपी घालून येतो याकडं लक्ष असायचं. एका हंगामी कारकुनाला पांढऱ्या टोपीपायी घरी बसवलं, असं हेच सांगत आले होते. आणि अशा दिवसांत सरकारी नोकर खाऱ्या पाण्याचे बुधले घरी नेत होता. मी टांग्यातच म्हटलं, "अहो, हे वर्षभर थांबलं नसतं काय?"

"अवं, मासे पाहाचे हायेत. कोन मीठ करून राहिलं?"

"तुमाले माहीत, मले माहीत. त्या शिपायाले काय माहीत?"

हे हसले. मला हसू आलं नाही.

मासे तिसऱ्या खेपेला आले, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठातून. करंगळीएवढे होते, अंगावर काळे-पिवळे पट्टे. कोळ्यांच्या पोरांनी खडकातल्या डबक्यांतून धरलेले. बरोबर एक खेकडा होता, जो दुसऱ्याच कोणाच्या तरी शंखात राहत होता. त्याचं मला लगेच पटलं. हा इसम कोणावर विश्वास टाकत नाही, घर पाठीवर घेऊन फिरतो आणि आवाज झाला की आत जाऊन दार लावतो. माशांचं मात्र उलटं. काचेला बोट लावलं की बोटाशी यायचे. कोणाचंही बोट असो.

खरं सांगते, पहिले काही दिवस मीही बघत बसायची. ओसरीत ऊन आलं की पाण्यात एक हिरवट उजेड पडायचा, वाळूवर माशांच्या सावल्या फिरायच्या. मी समुद्र पाहिलेला नव्हता. सासूबाईंनी तर पूर्णेच्या पलीकडं काही पाहिलं नव्हतं. त्या भाजी निवडायला पेटीसमोर येऊन बसायच्या. आणि हे कचेरीतून आले की अंगरखा न काढता तिथं टेकायचे आणि खरंच खोकायचे नाहीत. ते पाहून मला बरं वाटायचं. ते बरं वाटणंच मला घातक वाटायचं, हा भाग वेगळा.

पारशी डॉक्टरकडं पाण्यात हवा सोडायचं यंत्र होतं. आमच्याकडं वीज कुठली? त्यावर तोड सासूबाईंनी काढली. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात, बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं, त्यातून थेंब थेंब पाणी पडत राहतं. तसंच एक मातीचं करून त्यांनी आढ्याला पेटीवर टांगलं. पेटीतलंच पाणी काढून त्यात भरायचं, ते थेंबानं परत पडायचं. थेंब पडला की पाण्यावर बुडबुडे यायचे आणि मासे त्याखाली गोळा व्हायचे. ह्यांना ती युक्ती फार आवडली. सासूबाई गळती भरताना पुटपुटायच्या, ते माशांसाठी होतं की महादेवासाठी ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग ऊन चढलं. अकोल्याचं वैशाखातलं ऊन काय असतं ते तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. वाळत घातलेलं लुगडं दुसरं टोक दोरीवर टाकेपर्यंत वाळतं. आणि माझ्या लक्षात आलं, की पेटीतलं पाणी कमी होत नाहीये. पाणी आटायला पाहिजे होतं. गोड्याचा माठ झाकलेला असूनही खाली जातो, आणि ही उघडी पेटी मात्र काठोकाठ. मी काचेवर काजळाचं बोट ओढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाणी काजळावरच. कोणीतरी पाणी घालत होतं, आणि त्याच दिवशी एक मासा उलटा तरंगत होता.

माझा पहिला संशय समोरच्या बाईवर. ती दिवसभर दारात उभी असायची आणि आमच्या ओसरीत काय चाललंय ते तिला आमच्या आधी कळायचं. मासे आल्यापासून ती दोनदा साखर मागायला येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा साखर न घेता परत गेली होती. ती काहीतरी पाण्यात सोडते, असं मी मनाशी पक्कं केलं. तिनं एकदा मला सरळच विचारलं होतं, "तुमच्याकडं म्हने मीठ करून राहिले?"

"कोन म्हने?"

"लोक म्हनून राहिले, बाई. मले काय."

लोक म्हणजे ती. मी मग भर दुपारी निजल्याचं सोंग करून माजघराच्या दाराआड पडून राहिले. समोरचं दार उघडं होतं, पण ती आली नाही. सासूबाई आल्या. परसातल्या विहिरीची बादली घेऊन, पाय न वाजवता. गळती उतरवली, विहिरीच्या पाण्यानं भरली, परत टांगली.

मी उठून बसले. "हे तुमी टाकून राहिल्या?"

त्या दचकल्यासुद्धा नाहीत. "मंग काय सुकू देऊ? लेकरू एवढ्या हौशीनं आनते."

"पन विहिरीचं?"

"खाऱ्यात खारंच टाकते मानूस. गोडं का उतू चाल्लं हाये?"

मलाही तेच वाटत होतं. संध्याकाळी ह्यांना सांगितलं. त्यांनीही मान हलवली. आपली विहीर खारी, हे एवढं सोपं आपल्याला कसं सुचलं नाही, मुंबईचे बुधले कशाला आणले, असंच त्यांना वाटलं. शहाणी तीन माणसं एका घरात आणि तिघांनाही ते बरोबर वाटलं. मासा उन्हानं मेला असं ठरलं. पुढच्या दिवसांत आणखी मेले. उरले ते काचेला लावलेल्या बोटाशी येईनात. शेवटी एकच मासा राहिला, आणि तो खेकडा, जो बरेच दिवस शंखाबाहेर आला नव्हता.

आणि पेटी पांढरी पडायला लागली. थेंबांचे शिंतोडे जिथं उडायचे तिथं चौकटीवर, काचेच्या काठावर पांढरे पापुद्रे धरले. सासूबाईंनी ते नखानं खरवडून वाटीत जमवले आणि चाखून पाहिले. "चांगलं हाये," त्या म्हणाल्या. "लोनच्याले होईन."

ह्यांनी ती वाटी पाहिली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. "माय, हे मीठ हाये."

"मंग मीच म्हनून राहिली ना, मीठ हाये."

"घरात केलेलं मीठ. माह्या घरात."

त्या दिवसापासून ह्यांनाही माझा आजार जडला. माझं संशय घेणं निदान सरावाचं होतं. ह्यांना सराव नव्हता, त्यामुळं ते अतोनात भ्यायला लागले. कचेरीत बडे बाबूंनी ह्यांच्याकडं चष्म्यावरून पाहिलं, ते का? दुसऱ्या कारकुनानं "काय, समुद्र कसा आहे?" असं विचारलं, ते कोणी विचारायला सांगितलं? मी आगीत तेल ओतत होते, हेही खरं, कारण मला दिसत होतं ते सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. दुपारी, हे कचेरीत असताना, समोरच्या निंबाखाली छत्री घेऊन एक माणूस उभा असायचा. खाली पाहायचा, आमच्या दाराकडं पाहायचा, निघून जायचा. पोलिसाचा माणूस उन्हात उभा राहताना छत्री घेतो की नाही, यावर आम्ही दोघांनी जेवता जेवता वाद घातला.

एका शनिवारी हे कचेरीत असताना तो छत्रीवाला समोरच्या बाईशी बोलला. तो गेल्याबरोबर ती आमच्याकडं आली, आणि या वेळी साखरेचं नावही काढलं नाही.

"तो तुमच्या कचेरीचा चपराशी हाये," ती म्हणाली. "विचारून राहिला होता, समुद्राचं पानी हाये ते घर हेच काय म्हनून. उद्या बडे बाबू सोता येऊन राहिले. पाहाले."

मी तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. पाटी उलटून पाहिली. ती खरंच घाबरली होती, आमच्यासाठी घाबरली होती. ते पाहून मला जास्त भीती वाटली.

हे घरी आले. मी सांगितलं. ह्यांनी हातपायसुद्धा धुतले नाहीत. बादली आणली आणि पेटी उपसायला घेतली. मी म्हटलं, "थांबा, इचार तं करा." पण माझ्या म्हणण्यात जोर नव्हता. मलाही ती पेटी घरातून जायला हवी होती. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. ह्यांनी बादलीमागून बादली परसापलीकडच्या मोकळ्या रानात ओतली. उन्हानं काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मुंबईहून गार्डांच्या हातून आलेला समुद्र त्या भेगांत गेला आणि वर ओलसुद्धा राहिली नाही. मीठ मी राखेत कालवून उकिरड्यावर टाकलं. शेवटी मासा आणि खेकडा राहिले. हे विहिरीपाशी गेले, बादलीत त्यांना घातलं आणि दोर हळूहळू सोडला, बादली आपटू नये म्हणून.

"खारं हाये," ते म्हणाले. "जगतीन."

मग खोकला आला, तो थांबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बडे बाबू आले. छत्रीवाला चपराशी पुढं. मी पोलीस पाहत होते, पोलीस नव्हता. त्यांच्यामागून, लेकाच्या दंडाला धरून एक म्हातारी बाई आली. अंगावर विधवेचं लाल आलवण, पायात काही नाही, हातात लहानसा तांब्याचा गडू.

"ही माझी आई," बडे बाबू म्हणाले. "रत्नागिरीकडची. माझ्याकडं येऊन वीस वर्षं झाली, तेव्हापासून तिनं समुद्र पाहिला नाही. तुमच्याकडं समुद्राचं पाणी आहे असं कचेरीत कोणीतरी म्हणालं, ते मी घरी बोललो, तेव्हापासून तिनं डोकं खाल्लंय. दर्शन घेऊन जाते म्हणते. कचेरीत सांगितलं असतं तर तुम्ही उगाच धांदल केली असती, म्हणून परस्पर या चपराशाला घर हुडकायला धाडत होतो."

म्हातारी ओसरीत आली. कोणी न सांगता पेटीपाशी गेली आणि वाकून पाहिलं. आत ओली वाळू होती.

"समुद्र कुठाय हो?" तिनं विचारलं.

ह्यांनी घसा साफ केला. कचेरीतला आवाज काढला. "पेटी गळली, साहेब. काल रात्री सगळं वाहून गेलं."

बडे बाबूंनी पेटीकडं पाहिलं. राळेचे सांधे शाबूत होते. तिवईखालची जमीन पाहिली, सारवलेली, कोरडी, एक डाग नाही. मग काठाला राहिलेले पांढरे पापुद्रे त्यांना दिसले. ते वाकले, बोटानं एक पापुद्रा उचलला आणि पाहत राहिले. तोवर त्या माणसाच्या मनात काही नव्हतं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. आणि आता काहीतरी आलं, तेही पाठीवरूनच कळलं.

"गळली म्हणता?" ते म्हणाले. "आम्ही येणार हे कळल्यावर गळली?"

ह्यांच्या छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज यायला लागला. मला वाटलं, संपलं. आता अकोटचा जिन. ह्यांना कापसात उभं राहावं लागणार, आणि ते त्यात जगणार नाहीत. मी बोलायला तोंड उघडलं, पण आयुष्यभर दुसऱ्याचं खोटं पकडलेल्या माणसाला स्वतःचं खोटं वेळेवर सुचत नाही.

सासूबाई पुढं झाल्या. "खोटं काहून बोलून राहिला रे?" त्या लेकाला म्हणाल्या आणि बडे बाबूंकडं वळल्या. "ओतून देल्लं, बाप्पा. तुमाले भिऊन ओतलं. मीठ करून राहिले म्हनून नोकरी घेसान, असं वाटलं याले. दम्याचं मानूस हाये. नोकरी गेली तं कापसात मरते."

बडे बाबूंनी चष्मा काढला.

"नोकरी?" ते म्हणाले. "अहो, ह्यांचं नाव मी शिमग्याच्या आधीच अमरावतीला पाठवलंय. चांगला शेरा लिहून. हुकूम आज ना उद्या यायचा."

मी ह्यांच्याकडं पाहिलं नाही. पाहवलं नसतं.

म्हातारीनं मधेच विचारलं, "आणि मासे?"

"एकच उरला होता, तो विहिरीत सोडला," मी म्हटलं. "विहीर खारी आहे आमची."

तिनं मला जवळ बोलावून एकेक विचारून घेतलं. पाणी आटायचं तेव्हा काय घालत होता, किती उन्हं होती, पांढरं कधीपासून धरलं. मी सांगत गेले. "अगं," ती म्हणाली, "आमचं गाव मिठागराचं. ऊन नेतं ते गोडं पाणी नेतं, मीठ सगळं मागं राहतं. वर गोडंच घालायचं असतं. तुम्ही खाऱ्यात खारं घालत गेलात, ती बिचारी मिठात मुरली."

"गोडं पानी?" सासूबाई म्हणाल्या. "खाऱ्यात?" त्यांना तो सल्ला ऐकूनच कसंतरी झालं.

म्हातारीनं पेटीत हात घातला. तळची वाळू अजून ओली होती. तिनं त्यात चार बोटं रोवली, बाहेर काढली आणि दोन्ही डोळ्यांना लावली. डोळे चुरचुरले असणार, पण ती हात न काढता तशीच उभी राहिली. गडू तिनं भरायला आणला होता, तो रिकामाच कमरेशी धरून तिनं सासूबाईंना नमस्कार केला. मला रडू आलं. मासे मेले तेव्हा आलं नव्हतं.

जाताना बडे बाबू उंबऱ्यापाशी थांबले. आईला पायरीवर उभं केलं आणि ह्यांच्याजवळ परत आले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "एवढं भ्यावं असा वाटतो का हो मी तुम्हाला?"

नाव वर गेलेलं होतं. हुकूम यायचा होता. लपवायला पाणी नव्हतं, मीठ नव्हतं, मासे नव्हते. आता खरं बोलायला ह्यांना कोणाची हरकत नव्हती.

ह्यांनी दोन्ही हात जोडले. "छे, छे, साहेब," ते म्हणाले. "तसं काही नाही."

म्हातारीनं ते पायरीवरून ऐकलं. लेकाचा दंड धरून ती खाली उतरली.

"बघ," ती त्याला म्हणाली, "अजून भितोय."